वनशास्त्र आणि लाकूड प्रक्रियेच्या विद्यार्थ्यांसाठी व्यावसायिक इंग्रजी: ओंडक्यापासून अहवालापर्यंत

वनशास्त्राचा किंवा लाकूड तंत्रज्ञानाचा विद्यार्थी कामाची इंग्रजी शिकायला बसला की आधी वहीत सिल्व्हिकल्चर, झायलम, फॉर्मल्डिहाइड असे भारदस्त शब्द उतरवून घेतो. मेहनत खरी असते, पण ती नको तिथे खर्च होते. अशा शब्दांना बहुधा एकच अर्थ असतो. कोशात पाहिला की काम भागतं. अडखळायला होतं ते चेक, शेक, बो, कप, स्टँड, ग्रीन, साउंड या छोट्या शब्दांपाशी. शाळेपासून ओळखीचे असल्यामुळे त्यांच्यासाठी कोणी कोश उघडत नाही, आणि फळ्यांच्या प्रतवारीच्या अहवालात त्यांचा अर्थ पार वेगळा निघतो. 'ग्रीन लंबर विथ चेक्स' असं लिहिलं असेल तर ते लाकूड हिरवंही नसतं आणि कोणी तपासलेलंही नसतं. ते न सुकवलेलं, तडे गेलेलं लाकूड असतं.

म्हणून सुरुवात हातातल्या वस्तूपासून करावी, असं माझं ठाम मत आहे. आधी वस्तू आणि तिचे दोष, मग तिच्यावर होणाऱ्या क्रिया, मग आकडे, मग सूचना, आणि शेवटी लेखन. व्याकरणाची पुस्तकं वाईट नाहीत, पण त्यांतली वाक्यं बाजारहाट आणि प्रवासाची असतात. ती पाठ करून करवतीसमोर उभं राहिलं की तोंडातून शब्द फुटत नाही.

पहिली पायरी: आपले कागद गोळा करा

युरोपीय परिषदेने 2001 साली भाषाज्ञानाच्या सहा पातळ्या प्रसिद्ध केल्या, ए1 पासून सी2 पर्यंत. त्या मापाने ए2 पातळी असली, म्हणजे साधी वाक्यं वाचता आणि लिहिता येत असली, की कामाची इंग्रजी सुरू करायला हरकत नाही. 'आधी इंग्रजी पक्की करतो, मग विषयाकडे वळतो' म्हणणाऱ्यांची इंग्रजी बहुधा पक्की होत नाही, कारण ती वापरायला कारणच मिळत नाही.

चार प्रकारचे कागद जमवा: एखाद्या यंत्राचं माहितीपुस्तक, लाकडाच्या प्रतवारीचे नियम किंवा वनमोजणीचा अहवाल, सुरक्षिततेच्या सूचनांचं पत्रक, आणि तुमच्या विषयावरच्या एका शोधनिबंधाचा सारांश. हेच तुमचं पाठ्यपुस्तक. जंगलाकडे जाणाऱ्याने मोजणी आणि तोडणीचे कागद जास्त घ्यावेत, कारखान्याकडे जाणाऱ्याने करवती, भट्टी आणि पॅनलचे. दोन्ही बाजूंची थोडी ओळख मात्र हवीच. ओंडका कसा तोडला यावर फळी कशी निघेल ते ठरतं, आणि दोन्हीकडच्या माणसांना एकमेकांशी बोलावं लागतं.

दुसरी पायरी: छोटे शब्द, मोठे अर्थ

इथे सर्वांत जास्त वेळ द्या.

जंगलातला 'स्टँड' म्हणजे उभं राहणं नव्हे. वय, जाती आणि रचना यांत बऱ्यापैकी एकसारखा असलेला, शेजारच्यापासून वेगळा ओळखता येणारा झाडांचा समूह म्हणजे स्टँड. झाडाच्या फांद्या-पानांचा वरचा भाग म्हणजे 'क्राउन', आणि अनेक क्राउन मिळून जे छत होतं ते 'कॅनपी'. 'क्रूझ' म्हणजे उभ्या झाडांत किती लाकूड आहे त्याचा अंदाज घेण्यासाठी केलेली पाहणी. 'स्केल' म्हणजे तोडलेल्या ओंडक्यांचं घनफळ मोजणं. 'थिनिंग' म्हणजे विरळणी, हे चटकन लक्षात येतं. पण 'रिलीज' हे काम म्हणजे कोवळ्या झाडांना आजूबाजूच्या वाढीच्या स्पर्धेतून मोकळं करणं, हे सांगितल्याशिवाय कळत नाही. 'रोटेशन' म्हणजे लागवडीपासून अंतिम तोडणीपर्यंतचा काळ. 'स्नॅग' म्हणजे उभं वाळलेलं झाड, आणि 'स्लॅश' म्हणजे तोडणीनंतर जमिनीवर उरलेला फांद्या-शेंड्यांचा पाचोळा.

फळीकडे आलात की अशा शब्दांची गर्दी होते. 'ग्रीन' म्हणजे न सुकवलेलं. 'सीझन्ड' म्हणजे सुकवलेलं, ऋतूशी त्याचा संबंध नाही. 'ड्रेस्ड' म्हणजे रंधा मारून गुळगुळीत केलेलं. 'साउंड नॉट' म्हणजे न कुजलेली, घट्ट लाकडाची गाठ, तिचा आवाजाशी काही संबंध नाही. 'वेन' म्हणजे फळीच्या कडेला राहून गेलेली साल किंवा तिथे कमी पडलेलं लाकूड. 'फिगर' म्हणजे लाकडाच्या पृष्ठावर दिसणारी नक्षी, आणि त्याच अहवालात चार ओळींनंतर 'फिगर' म्हणजे आकृती किंवा आकडा. कुठला अर्थ घ्यायचा ते शेजारचे शब्द सांगतात.

आता एक वाकडी फळी हातात घ्या. खरोखरच घ्या, कारण पुढचे चार शब्द चित्रावरून लक्षात राहत नाहीत. फळीच्या रुंद बाजूला 'फेस' म्हणतात, अरुंद बाजूला 'एज', आणि टोकाला 'एंड'. फळी एका टोकाशी डोळ्यांच्या पातळीवर धरून लांबीच्या दिशेने बघा. रुंद बाजू लांबीत कमानीसारखी वाकली असेल तर तो 'बो'. अरुंद बाजू लांबीत वाकली असेल तर अमेरिकेत 'क्रूक' आणि ब्रिटनमध्ये 'स्प्रिंग'. रुंदीच्या दिशेने मध्ये खोलगट झाली असेल तर 'कप'. चार कोपरे एका पातळीत टेकत नसतील, फळी पिळवटली असेल, तर 'ट्विस्ट'. या सगळ्यांना मिळून 'वॉर्प' म्हणतात.

मग तडे बघा. वाढवलयांना आडवा जाणारा आणि फळीच्या आरपार न गेलेला तडा म्हणजे 'चेक'. तो बहुधा सुकताना पडतो. समोरच्या पृष्ठापर्यंत आरपार गेला तर 'स्प्लिट'. वलयांच्या बाजूने, दोन वलयांच्या मधून लाकूड सुटलं असेल तर 'शेक'. चेक म्हटलं की वाळवणीकडे बघायचं आणि शेक म्हटलं की उभ्या झाडाकडे, कारण शेक पुष्कळदा झाड उभं असतानाच तयार झालेला असतो. शब्द चुकला की दोषाचं खापर भलत्याच विभागावर फुटतं.

आता फळीबद्दल तीन वाक्यं मोठ्याने बोला. 'धिस बोर्ड हॅज अ स्लाइट कप.' 'देअर आर टू साउंड नॉट्स ऑन द फेस.' 'द एंड इज स्प्लिट.' दुसऱ्या दिवशी दुसरी फळी घ्या. अशा वीस फळ्या झाल्या की हे शब्द जिभेवर बसतात.

यंत्रानुवादावर इथे अजिबात विसंबू नका. एकटा 'चेक' दिला तर भाषांतर 'तपासणी' असं येतं आणि 'बो' दिला तर 'धनुष्य'. पूर्ण वाक्य आणि विषय दिला तर निकाल बराच सुधारतो, तरी तो प्रतवारीच्या नियमांतल्या व्याख्येशी ताडून बघावाच लागतो.

तिसरी पायरी: क्रियापदांची साखळी

वस्तूंची नावं आली तरी क्रियापदांवाचून वाक्य होत नाही. या व्यवसायात क्रियापदांचा क्रम कामाच्या क्रमानेच लागतो, ही मोठी सोय आहे. झाड पाडणं 'फेल', फांद्या छाटणं 'डीलिंब', खोडाचे ठरावीक लांबीचे तुकडे करणं 'बक'. ओंडके ओढत नेणं 'स्किड', आणि उचलून, वाहनावर लादून बाहेर नेणं 'फॉरवर्ड'. त्यावरूनच यंत्रांना स्किडर आणि फॉरवर्डर ही नावं पडली आहेत. कारखान्यात आल्यावर साल काढणं 'डीबार्क', कापणं 'सॉ', फळीच्या कडा सरळ करणं 'एज', टोकं कापून लांबी नेमकी करणं 'ट्रिम', मग 'सॉर्ट', 'स्टॅक', 'ड्राय', 'प्लेन', 'ग्रेड'. एवढ्या साखळीवर ओंडक्याचा सगळा प्रवास सांगता येतो.

दोन क्रियापदांपाशी जवळजवळ प्रत्येकजण फसतो. 'फॉल, फेल, फॉलन' म्हणजे पडणं. 'फेल, फेल्ड, फेल्ड' म्हणजे पाडणं. 'द ट्री फेल' म्हणजे झाड पडलं, आपणहून. 'दे फेल्ड द ट्री' म्हणजे त्यांनी झाड पाडलं. अपघाताच्या अहवालात हा फरक फार महत्त्वाचा असतो. दुसरं 'सॉ'. 'सी, सॉ, सीन' म्हणजे बघणं. 'सॉ, सॉड, सॉन' म्हणजे करवतीने कापणं. 'वी सॉ द लॉग' हे वाक्य एकटं वाचलं तर ओंडका बघितला की नेहमी कापतो, ते कळत नाही. म्हणून भूतकाळात 'वी सॉड द लॉग', आणि कापलेल्या मालाला 'सॉन टिंबर'.

ही साखळी तीन रूपांत बोलायची सवय लावा. सूचना देताना थेट आज्ञा: 'ट्रिम द एंड्स.' अहवालात कर्मणी भूतकाळ: 'द एंड्स वेअर ट्रिम्ड.' आणि कायम खरं असणारं सांगताना साधा वर्तमानकाळ: 'वूड श्रिंक्स ॲज इट ड्राइज.' शोधनिबंधात पद्धतीचा भाग दुसऱ्या रूपात आणि सर्वसाधारण विधानं तिसऱ्या रूपात असतात. एवढं कळलं की निबंध वाचताना 'लेखकांनी केलं ते' आणि 'आधीपासून माहीत आहे ते' वेगळं काढता येतं.

चौथी पायरी: नामांच्या माळा

'मॉइश्चर मीटर कॅलिब्रेशन सर्टिफिकेट' अशी माळ दिसली की विद्यार्थी पहिल्या शब्दाला धरून बसतो. मुख्य वस्तू शेवटी असते. प्रमाणपत्र, कशाचं? अंशांकनाचं. कशाच्या? ओलावा मोजणाऱ्या मीटरच्या. मराठी माणसाला हे अवघड जायला नको. 'वनविभाग कर्मचारी निवासस्थान' ही पाटी आपण शेवटच्या शब्दाला धरूनच वाचतो.

क्रम बदलला की वस्तूच बदलते. 'पल्पवूड' म्हणजे लगद्यासाठीचं लाकूड, 'वूड पल्प' म्हणजे लाकडापासून केलेला लगदा. 'सॉ लॉग' म्हणजे कापून फळ्या काढण्याजोगा ओंडका, 'लॉग सॉ' म्हणजे ओंडके कापायची करवत. मालाच्या मागणीपत्रात ही अदलाबदल झाली तर भलताच माल दारात येईल. माळेतलं आतलं नाम बहुधा एकवचनी राहतं, हेही लक्षात ठेवा: 'अ फोर्टी-फूट लॉग', फीट नाही.

मोजता न येणाऱ्या नामांचं एवढंच सांगतो. टिंबर, लंबर, इक्विपमेंट, इन्फर्मेशन, रिसर्च यांना आपल्या कामात अनेकवचनाचा 'स' लावायचा नाही. एक नग सांगायचा असेल तर 'अ पीस ऑफ टिंबर'. 'वूड्स' चालतं, पण मग अर्थ 'लाकडाचे वेगवेगळे प्रकार' किंवा 'वनराई' असा होतो. 'स्पीशीज' एकवचनात आणि अनेकवचनात सारखंच.

पाचवी पायरी: आकडे नीट बोला, नीट वाचा

आकड्यांना भाषा लागत नाही असं वाटतं, पण निम्मे गैरसमज तिथेच होतात.

झाडाचा व्यास छातीच्या उंचीवर मोजतात, त्याचं इंग्रजी संक्षिप्त रूप डीबीएच. ती उंची अनेक देशांत जमिनीपासून 1.3 मीटर धरतात, तर अमेरिकेत साडेचार फूट, म्हणजे सुमारे 1.37 मीटर. दोन देशांतले आकडे एका तक्त्यात मांडण्याआधी मोजणीच्या पद्धतीचा परिच्छेद वाचायला हवा तो यासाठी.

लाकडातल्या ओलाव्याचं, म्हणजे 'मॉइश्चर कंटेंट'चं, गणित कोरड्या वजनावर असतं. नमुना ओला असताना 200 ग्रॅम भरला आणि ओव्हनमध्ये सुमारे 103 अंश सेल्सिअसला वजन स्थिर होईपर्यंत सुकवल्यावर 125 ग्रॅम राहिला, तर गेलेलं पाणी 75 ग्रॅम. 75 भागिले 125, म्हणजे 60 टक्के. या पद्धतीमुळे ताज्या तोडलेल्या लाकडाचा ओलावा 100 टक्क्यांच्या वरही जाऊ शकतो. निबंधात 150 टक्के दिसले तर ती छपाईची चूक नव्हे. 'ऑन अ ड्राय बेसिस' हे शब्द शोधा. लगदा आणि इंधन उद्योगात पुष्कळदा 'वेट बेसिस' वापरतात, तिथे तोच नमुना 37.5 टक्के भरतो.

साधारण 28 ते 30 टक्क्यांच्या आसपास 'फायबर सॅच्युरेशन पॉइंट' येतो. पेशींच्या पोकळीतलं मोकळं पाणी संपलेलं असतं, पेशीभित्तींतलं राहिलेलं असतं. त्याखाली लाकूड आकसायला लागतं, आणि वलयांच्या स्पर्शरेषेच्या दिशेने, म्हणजे 'टॅन्जेन्शियल' दिशेने, ते त्रिज्येच्या दिशेपेक्षा ढोबळ मानाने दुप्पट आकसतं. वलयांच्या स्पर्शरेषेत कापलेल्या फळीत कप का येतो त्याचं उत्तर इथे आहे. विज्ञान आणि भाषा अशी जोडून शिकलात तर दोन्ही एकमेकांना धरून राहतात.

आता एक बारीक पण महागात पडणारी गोष्ट. 'रिड्यूस्ड टू 12 पर्सेंट' म्हणजे ओलावा 12 टक्क्यांवर आणला. 'रिड्यूस्ड बाय 12 पर्सेंटेज पॉइंट्स' म्हणजे 12 अंकांनी कमी केला, 30 वरून 18 वर. भट्टीच्या नोंदवहीत टू आणि बाय यांची गल्लत झाली तर ओली फळी रंध्याखाली जाते. तसंच 'ॲट लीस्ट' म्हणजे कमीत कमी, 'अप टू' म्हणजे जास्तीत जास्त, 'विदिन' म्हणजे त्या मर्यादेच्या आत. हे शब्द लाल शाईने अधोरेखित करत जा.

मापांच्या नावांतही खाचखळगे आहेत. 'बोर्ड फूट' हे लांबीचं नाही, घनफळाचं माप आहे: एक फूट लांब, एक फूट रुंद, एक इंच जाड. एका घनमीटरमध्ये सुमारे 424 बोर्ड फूट बसतात. अमेरिकेतला 'टू बाय फोर', म्हणजे नावाने दोन इंच गुणिले चार इंचांचा लाकडाचा नग, प्रत्यक्षात दीड इंच गुणिले साडेतीन इंच असतो, म्हणजे सुमारे 38 गुणिले 89 मिलिमीटर. नावातल्या मापाला 'नॉमिनल' म्हणतात, खऱ्या मापाला 'ॲक्च्युअल'. कुठलं माप हवं ते विचारायला संकोचू नका: 'इज दॅट नॉमिनल ऑर ॲक्च्युअल?'

सहावी पायरी: देश बदलला की शब्द बदलतो

ब्रिटिश वापरात कापलेल्या लाकडाला 'टिंबर' म्हणतात. उत्तर अमेरिकेत तेच 'लंबर', आणि 'टिंबर' म्हणजे उभी झाडं किंवा जाडजूड तुळया. दोन्ही बरोबर आहेत. एका अहवालात एकच धरून चाला, म्हणजे झालं.

'हार्डवूड' आणि 'सॉफ्टवूड' यांचा कठीणपणाशी थेट संबंध नाही. सपुष्प, आवृतबीजी वृक्षांचं लाकूड हार्डवूड, सूचिपर्णी वृक्षांचं सॉफ्टवूड. बाल्सा अतिशय मऊ असूनही हार्डवूडमध्ये मोडतं, आणि यू चांगलंच कठीण असूनही सॉफ्टवूडमध्ये.

व्यापारी नावं तर उघड फसवतात. 'डग्लस-फर' हे खरं फर नाही, त्याच्या प्रजातीचं नाव स्यूडोत्सुगा. 'वेस्टर्न रेडसीडार' खरं सीडार नाही, ते थुया प्लिकाटा. म्हणून करारात, मागणीपत्रात आणि प्रयोगाच्या नोंदीत शास्त्रीय नाव लिहायचंच. रोमन लिपीत लिहिताना प्रजातीचं पहिलं अक्षर मोठं, जातीचं लहान, आणि दोन्ही तिरप्या अक्षरांत. सागवानासाठी फक्त 'टीक' न लिहिता टेक्टोना ग्रँडिसही लिहा.

सातवी पायरी: 'शॅल', 'शुड', 'मे', 'कॅन'

आंतरराष्ट्रीय मानकांच्या भाषेत हे चार शब्द ठरवून वापरलेले असतात. आयएसओच्या मानकात 'शॅल' म्हणजे बंधनकारक, 'शुड' म्हणजे शिफारस, 'मे' म्हणजे परवानगी, आणि 'कॅन' म्हणजे शक्यता किंवा क्षमता. 'द सॅम्पल शॅल बी वेड' असेल तर वजन केलंच पाहिजे. 'शुड' असेल तर न करण्याचं सबळ कारण असू शकतं. शाळेत शॅल हे 'आय' आणि 'वी' बरोबरचं भविष्यकाळी रूप म्हणून शिकलेलं असतं. ते मानक वाचताना बाजूला ठेवा.

सुरक्षिततेच्या पत्रकात 'मस्ट', 'नेव्हर' आणि 'डू नॉट' येतात. झाड तोडण्याच्या सूचनांतले निदान एवढे शब्द पाठ हवेत: पडण्याच्या दिशेला घेतलेली खाच म्हणजे 'नॉच', मागून घेतलेला काप म्हणजे 'बॅक कट', या दोन्हींच्या मध्ये न कापता राखलेली पट्टी म्हणजे 'हिंज'. झाड कुठे पडेल त्यावर ही पट्टी ताबा ठेवते, म्हणून 'नेव्हर कट थ्रू द हिंज' हे वाक्य अर्थासकट डोक्यात असलं पाहिजे. दुसऱ्या झाडात अडकलेलं झाड म्हणजे 'हंग-अप ट्री'. साखळी करवत उसळून अंगावर येते तो 'किकबॅक'. मागे हटायची वाट म्हणजे 'एस्केप रूट'. 'कीप ॲट लीस्ट टू ट्री लेंग्थ्स अवे' म्हणजे झाडाच्या उंचीच्या किमान दुप्पट अंतरावर राहा. कारखान्यात 'लॉकआउट' म्हणजे दुरुस्तीआधी यंत्राची ऊर्जा तोडून, तिथे कुलूप लावून, ती कोणालाही चालू करता येणार नाही अशी व्यवस्था. या शब्दांबाबत 'साधारण कळलं' पुरेसं नाही. कळलं नाही तर तिथल्या तिथे विचारा: 'सॉरी, कुड यू शो मी?' दाखवा म्हणायला कमीपणा नाही.

आठवी पायरी: उच्चार

आवाजाच्या गदारोळात व्याकरण कोणी ऐकत नाही, उच्चार ऐकतात. आपल्याला 'व' एकच वाटतो, इंग्रजीत दोन आहेत. फळीचा दोष 'वेन' म्हणताना ओठ गोल करायचे. पानाची शीर 'व्हेन' म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला टेकवायचे. 'वूड' आणि 'व्हिनीअर' असे लागोपाठ म्हणून बघा.

'हाइट' म्हणा, 'हेट' नाही. झाडाची जखम 'वूंड', गुंडाळलेली दोरी 'वाउंड', दोन्हींचं स्पेलिंग एकच. फळीचा 'बो' बाणाच्या धनुष्यासारखा 'बो'च, 'बाऊ' नव्हे. फांदीचा 'बाउ' निराळा, त्याच्या शेवटची दोन अक्षरं गप्प असतात. 'डेब्री'मधला शेवटचा स उच्चारत नाहीत.

तेरा-तीस, पंधरा-पन्नास या जोड्या तर मापांत रोज घोटाळे करतात. 'थर्टीन'चा भर शेवटच्या भागावर आणि 'थर्टी'चा पहिल्यावर असतो, पण यंत्र चालू असताना त्यावरही विसंबू नये. अंक सुटे बोलावेत: 'वन-फाइव्ह, फिफ्टीन.' आणि समोरच्याने सांगितलेलं माप परत म्हणून दाखवावं.

नववी पायरी: लिहायला लागा

सुरुवात छोट्या नोंदीपासून करा. विद्यार्थी बहुधा असं लिहितात: 'वी ड्राइड द वूड इन किल्न अँड रिझल्ट वॉज गुड.' 'किल्न' म्हणजे लाकूड सुकवायची भट्टी. वाचणाऱ्याला या नोंदीतून काहीच हाती लागत नाही. कुठलं लाकूड, किती जाड, किती ओलाव्यावरून किती ओलाव्यावर, 'गुड' म्हणजे काय? तीच नोंद अशी होऊ शकते: 'फॉर्टी टीक बोर्ड्स, 25 मिलिमीटर्स थिक, वेअर किल्न-ड्राइड फ्रॉम 42 टू 12 पर्सेंट मॉइश्चर कंटेंट. सरफेस चेक्स वेअर फाउंड ऑन सिक्स बोर्ड्स. नो बोर्ड हॅड मोअर दॅन 3 मिलिमीटर्स ऑफ कप.' इंग्रजी दोन्हीकडे सोपीच आहे. दुसऱ्या नोंदीत विशेषणाची जागा मापाने घेतली आहे. गुड, बॅड, बिग, व्हेरी हे शब्द दिसले की तिथे आकडा बसतो का ते बघा.

मागणीपत्राचा ठरलेला क्रम अंगवळणी पाडा: जात आणि शास्त्रीय नाव, प्रत, मापं, ओलावा, परिमाण, प्रक्रिया, पोहोचवण्याची अट. लाकडी पेट्या आणि पॅलेट परदेशी जाणार असतील तर आयएसपीएम 15 हा संदर्भ येतो, म्हणजे लाकडी वेष्टनातून कीड पसरू नये यासाठीचं आंतरराष्ट्रीय मानक. त्यातल्या नेहमीच्या उष्णता प्रक्रियेत लाकडाच्या गाभ्यासकट किमान 56 अंश सेल्सिअस तापमान सलग किमान 30 मिनिटं राहावं लागतं, आणि अशा लाकडावर एचटी ही खूण उमटवतात. ही कलमं मूळ इंग्रजीत वाचणं हा उत्तम धडा आहे, कारण त्यांत एकही शब्द फुकट खर्चलेला नसतो.

दहावी पायरी: मूळ मजकूर वाचा

संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेची, म्हणजे एफएओची, जंगलाची व्याख्या पहिल्या वाचनाला घ्या: 0.5 हेक्टरपेक्षा मोठी जमीन, 5 मीटरपेक्षा उंच झाडं आणि 10 टक्क्यांपेक्षा जास्त छत्र, किंवा त्याच जागी एवढी वाढू शकतील अशी झाडं. शेती किंवा शहरी वापर प्रमुख असलेली जमीन त्यातून वगळली आहे. मूळ इंग्रजी वाक्यात 'मोअर दॅन', 'ऑर', 'एबल टू रीच' आणि 'डझ नॉट इन्क्लूड' यांवर खूण करा. नुकतीच तोड झालेली पण पुन्हा लागवड होणारी जमीन 'एबल टू रीच' या शब्दांच्या जोरावर जंगलात गणली जाऊ शकते. 2020 च्या जागतिक वनसंपदा अहवालातला 4.06 अब्ज हेक्टरचा आकडा याच व्याख्येवर उभा आहे. व्याख्या नीट न वाचता त्या आकड्यावर वाद घालणारे पुष्कळ भेटतात.

लाकडाच्या बाजूने अमेरिकेच्या वनसेवेची मॅडिसन इथली, 1910 साली सुरू झालेली फॉरेस्ट प्रॉडक्ट्स लॅबोरेटरी लाकडाच्या गुणधर्मांवरचं 'वूड हँडबुक' मोफत उपलब्ध करून देते. ते सलग वाचायचं नसतं. ज्या आठवड्यात वर्गात वाळवण चालू असेल त्या आठवड्यात वाळवणीचं प्रकरण उघडा. विषय मराठीत समजलेला असताना इंग्रजी पान वाचलं तर अनोळखी शब्दांचा अर्थ संदर्भावरून लागतो. उलट क्रमाने वाचलं तर विषयही डोक्यावरून जातो आणि भाषाही.

शोधनिबंध वाचताना आधी सारांश, मग आकृत्या आणि तक्ते त्यांच्या मथळ्यांसकट, मग निष्कर्ष, आणि पद्धत सगळ्यात शेवटी. 'हाउएव्हर' आणि 'इन कॉन्ट्रास्ट' दिसलं की थांबा. लेखकाचं नवं म्हणणं बऱ्याचदा त्यांच्यामागे असतं. 'सजेस्ट' आणि 'शो' यांतही फरक आहे. पहिल्यात लेखक सावधपणे बोलतो, दुसऱ्यात खात्रीने.

आठवड्याचा सराव

रोज वीस मिनिटं पुरतात, पण रोज. दोन दिवस एखाद्या फळीचं किंवा झाडाचं वर्णन तोंडी करा आणि फोनवर ध्वनिमुद्रित करून ऐका. दोन दिवस जमवलेल्या कागदांतलं एक पान वाचा आणि त्यातली क्रियापदं वेगळी काढा. एक दिवस पाच वाक्यांची नोंद लिहा. एक दिवस मित्राला एखादं यंत्र इंग्रजीत समजावून सांगा. तो परका पाहुणा आहे असं धरा आणि त्याला मुद्दाम प्रश्न विचारायला लावा. उरलेल्या दिवशी वही चाळा.

वहीत शब्दापुढे नुसता अर्थ लिहू नका. शब्द, जिथे भेटला ते पूर्ण वाक्य, आणि जमेल तर छोटं रेखाटन, असं लिहा. ट्विस्ट आलेली फळी काढायला चार रेघा लागतात. ज्या शब्दाचं चित्र काढता येत नाही, उदाहरणार्थ 'यील्ड' (उत्पादन) किंवा 'इन्क्रिमेंट' (वाढ), त्यापुढे एक सोडवलेलं गणित लिहा.

मुलाखतीची तयारी करायची असेल तर याच वहीतून तीन गोष्टी निवडा: तुम्ही स्वतः केलेली एक मोजणी, चालवलेलं एक यंत्र, आणि ओळखलेला एक दोष. प्रत्येकावर दोन मिनिटं इंग्रजीत बोलता आलं पाहिजे: काय केलं, कशाने केलं, किती भरलं, आणि त्यावरून काय ठरवलं.